बाहेरचा नर

अण्णा, आज बुधवार, अकरा तारीख, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. हर्सूलच्या रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत बसून मी हरणांच्या लेंड्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो. सदतिसाव्या डबीवर हात थांबला. डबी बाजूला ठेवली, हातमोजे काढले आणि हा कागद घेतला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि तुम्ही असता तरी लिहिली नसती, कारण तुम्हाला सहीपुरतीच अक्षरं येत होती; लिहिलेलं मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती पहिल्याच ओळीत लिहावी एवढा धीर माझ्यात नाही. म्हणून आधी बाकीचं सांगतो, म्हणजे ती कुठे बसते ते तुम्हाला कळेल.

तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होतो, ती पुरी झाली नाही. पुढे बरीच वर्षं कन्नडला झेरॉक्सच्या दुकानात बसून लोकांचे अर्ज लिहून दिले. तिथेच एक दिवस मॅडम आल्या. त्या जंगली जनावरांचा अभ्यास करतात. आपल्या टेकडीवर फिरायला माहितगार माणूस हवा होता. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, उन्हात चालता येतं का आणि अक्षर कसं आहे. तेव्हापासून मी त्यांच्याकडे आहे. पुंडलिकनगरात एक खोली घेतली आहे. महिन्यातले पंधरा दिवस टेकडीवर आणि पंधरा दिवस इथे. हरणं ठरलेल्या जागी लेंड्या टाकतात हे मला तुम्हीच दाखवलं होतं. त्या जागा मी रोज बघतो, ताजी लेंडी चिमट्यानं उचलतो, स्पिरिटच्या डबीत टाकतो, वर जागा, तारीख आणि वेळ लिहितो. लिहिलेलं तीनदा तपासतो. लेंडीच्या चकचकीत सालीवर जनावराच्या आतड्याचे कण चिकटलेले असतात. त्यांच्यावरून इथली यंत्रं सांगतात की हे जनावर कोणतं, त्याचं कोणाशी रक्ताचं नातं आहे. तुम्ही खुरांच्या ठशावरून नर की मादी ते सांगायचात. हे लोक लेंडीवरून बाप सांगतात. तुम्हाला हे ऐकून हसू आलं असतं, पण मग तुम्ही जवळ येऊन नीट बघितलं असतं.

आपल्या वस्तीमागची टेकडी आता तुम्ही सोडलीत तशी नाही. खाली सगळा ऊस झाला. एका अंगाला वीटभट्ट्या आणि घरं, दुसऱ्या अंगाला घाटाची उभी कड, आणि पलीकडच्या डोंगरांकडे जायचं तर मध्ये महामार्ग. तो चार पदरी झाला आणि त्याच्या मधोमध छातीएवढी सिमेंटची भिंत आली. चिंकारा, म्हणजे आपण ज्याला नुसतं हरण म्हणायचो, ते या टेकडीवर अडकून पडलं आहे. माझ्या मोजणीत एकवीस जनावरं आहेत. त्यातल्या सतरांचा डावा कान टोकाशी आत मुडपलेला आहे. मी लहान होतो तेव्हा तर सगळ्यांचाच तसा होता. मला आठवतं, तुम्ही पाणवठ्याच्या वर बसून बिडी पेटवत म्हणाला होतात, "बघ कान. ही सारी एकाच घरची झालीत."

हे असं का होतं ते मॅडमनी मला पहिल्या महिन्यात समजावलं. त्यांच्या शब्दांत मला कळलं नाही, म्हणून मी ते ज्वारीवर घेऊन समजून घेतलं. समजा कणगीत पांढरी, पिवळी आणि तांबडी अशी मिसळीची ज्वारी आहे. दरवर्षी बियाण्याला पोतंभर ठेवली तर तिन्ही रंग टिकतात. पण दरवर्षी एकच मूठ ठेवली, तर एखाद्या वर्षी त्या मुठीत तांबडा दाणा येतच नाही. तो रंग गेला. दाणा वाईट होता म्हणून नाही, कीड लागली म्हणून नाही; मुठीत आला नाही एवढंच. मग कधीतरी पिवळाही जातो. आणि गेलेला रंग त्या कणगीत पुन्हा उगवत नाही, कोणी बाहेरून आणला तरच. लहान कळपाचं असंच होतं. मुडपलेल्या कानात फायदाही नाही आणि तोटाही नाही, तो नुसता मुठीत येत गेला. मॅडमना कानाची काळजी नाही. कानासारखंच जे डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे रोगाला तोंड द्यायचं बळ, तेही असंच मुठीतून गळत असतं. सगळी एकसारखी झाली की एखादी साथ येते आणि सगळ्यांना सारखीच धरते.

हे मी आधी ऐकलं होतं, फक्त मेंढ्यांबद्दल. वनखात्यात मजूर म्हणून लागायच्या आधी तुम्ही आजोबांची मेंढरं राखलीत. तुम्ही सांगायचात, घरचा मेंढा घरात तिसरा पावसाळा बघत नाय. दिवाळीनंतर मेंढरं गोदेकाठाला चरायला न्यायची, तिथे लांबलांबचे कळप उतरलेले असायचे, आणि मेंढा देऊन मेंढा घ्यायचा. घेताना दात बघायचे, पाय बघायचे, आणि मग समोरच्याला विचारायचं, ह्याची माय कोणत्या पाण्यावरची? आपल्याच पाण्यावरची निघाली, तर मेंढा कितीही देखणा असो, परत. मला वाटायचं ही जुन्या माणसांची रीत आहे, सोयरीक जुळवताना गोत विचारतात तशी. ती हिशेबाची गोष्ट आहे हे मला एवढ्या वर्षांनी एका काचेच्या टेबलाशी कळलं.

आता पिल्लाचं. मी सहावीत होतो. तुम्ही खात्याच्या जीपमधून महामार्गापलीकडच्या रोपवाटिकेत रोपं आणायला गेला होतात. परत उतरलात तेव्हा तुमच्या हातात गोणपाट होतं आणि त्यातून दोन कान बाहेर आले होते. दोन्ही सरळ. आई चुलीपुढे बसली होती. तिनं फुंकणी खाली ठेवली.

"हे काय आणलंत?"

"पाव्हणा हाय. त्याची माय गाडीखाली गेली. रोपवाटिकेच्या माळ्यानं माझ्या मांडीवर आणून ठेवलं."

"आन् दूध कोण पाजनार? मी?"

"शेळीला इचारलंय. ती व्हय म्हनली."

आई हसली नाही, पण तिनं पदराची वात करून शेळीच्या दुधात बुडवली. त्या संध्याकाळी पिल्लानं दूध कमी आणि पदरच जास्त चावला.

दोन दिवसांनी नाकेदार, म्हणजे तुमच्या वरचे वनरक्षक, आले. आम्ही पोरं त्यांना चाचा म्हणायचो. रागीट नव्हते, बोलके होते, तुमच्यासारख्या मजुरांना त्यांनी कधी अरेतुरे केलं नाही. चहा पिता पिता त्यांनी पिल्लाला हात लावून पाहिलं आणि म्हणाले, "रोजनामच्यात लिहून ठेवा. आठ दिवसांत ऑफिसला जमा करा. जंगलाचं जनावर घरात ठेवता येत नाही, माहीत आहे ना?" मग माझ्याकडे वळून डोळे मोठे केले. "क्यों छोटे, हरीण पाळतो? साहेबांना कळलं ना, तेरे अब्बा सीधे हर्सूल! तिथं रोटी फुकट, पण कडी बाहेरून." तुम्ही दोघंही हसलात. मी हसलो नाही. हर्सूल मी पाहिलं नव्हतं, तिथे मोठा जेल आहे एवढंच ठाऊक होतं. आता रोज सकाळी त्याच भिंतीजवळ बसमधून उतरतो, आणि अजूनही भिंतीकडे न बघता चालतो.

चाचा मुलीच्या लग्नासाठी लांब रजेवर गेले आणि आठ दिवसांचे चार महिने झाले. पिल्लाच्या डोक्यावर शिंगांचे कोंब आले. तुम्ही त्याला शेळ्यांबरोबर टेकडीवर न्यायचात. आई म्हणायची, जमा करून टाका, नसता घोर नको. तुम्ही नुसते पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवायचात. एकदा मात्र म्हणालात, "ह्याची माय आपल्या पाण्यावरची नाय." आईला वाटलं तुम्ही कीव करताय. मला आता कळतं की तुम्ही मेंढा निवडत होतात. मग एका संध्याकाळी तुम्ही शेळ्या घेऊन आलात आणि तुमच्या हातात त्याच्या गळ्यातली सुतळी होती.

"गेला?" आईनं विचारलं.

"गेला कुठं? लागंल आता कामाला."

त्या संध्याकाळीही तुम्ही रोजच्यासारखा रोजनामचा काढलात. तुम्हाला सही यायची, पण लिहिणं माझ्याकडे होतं. चौथीत असल्यापासून तुमचा रोजनामचा मी लिहायचो: कुठे फिरलो, काय दिसलं, कुठे झाड तुटलं. पहिलं पान बिनचूक लिहिलं तेव्हा तुम्ही कन्नडच्या बाजारातून माझ्यासाठी शाईचा पेन आणला होता आणि म्हणाला होतात, "अक्षर तुझं, सही माझी. दोघं मिळून एक मानूस." त्या दिवसाच्या पानावर पिल्लाची नोंद आहे. पिल्लू मृत. पुरले. अक्षर माझं आहे आणि खाली तुमची सही आहे. वही आईच्या पेटीत आहे.

चार महिन्यांपूर्वी यंत्रानं पहिली यादी दिली. एकवीस जनावरांपैकी चारांमध्ये अशा खुणा निघाल्या ज्या या टेकडीवर दुसऱ्या कोणात नाहीत, पण महामार्गापलीकडच्या कळपात आहेत. आईकडून उतरणारी खूण मात्र एकवीसच्या एकवीस जनावरांत एकच, म्हणजे बाहेरची मादी कधी आली नव्हती. मॅडम एवढ्या खूश झाल्या की त्यांनी सगळ्यांसाठी खारी मागवली. "अरे, टेकडी बंद झालेली नाही!" त्या म्हणाल्या. "कोणीतरी तो रस्ता ओलांडून येतंय. नरच असणार. माद्या घर सोडत नाहीत, नर भटकतात. अगदी पुस्तकात असतं तसं." मी खारी हातात धरून उभा होतो. त्या चार जनावरांचे कान मला यादीच्या आधीपासून माहीत होते. चौघांचेही सरळ आहेत. त्यानं रस्ता ओलांडला होता खरा, अण्णा, पण तुमच्या मांडीवर बसून.

मला वाटलं, चिठ्ठ्यांत माझी चूक असेल. असावी असं फार वाटत होतं. पलीकडच्या डोंगरातली डबी इकडच्यात मिसळली असेल, दोन आकड्यांची अदलाबदल झाली असेल. मी सगळ्या चिठ्ठ्या नोंदवहीशी ताडून पाहिल्या. मग मॅडमना काहीतरी कारण सांगून टेकडीवर आठ दिवस जास्त राहिलो, सगळ्या जागांवरून पुन्हा लेंड्या उचलल्या, प्रत्येक डबी स्वतः आणली. उत्तर तेच आलं. गेल्या आठवड्यात मॅडमनी अजून एक गोष्ट सांगितली. त्या चारही जनावरांच्या खुणा मागे मागे गेलं तर एकाच नरापाशी जातात, असं दिसतं. "एकच आला असला तरी आला ना," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो मॅडम. मी चार महिने हो मॅडम म्हणत आहे.

एवढंच असतं तर कदाचित मी गप्प राहिलो असतो. पण महामार्ग पुन्हा रुंद होणार आहे आणि त्या कामात हरणांसाठी रस्त्याखालून दोन मोठ्या वाटा ठेवायच्या की नाहीत ते ठरायचं आहे. मॅडमचा अहवाल त्यासाठी परवा, शुक्रवारी जातो. हरणं आपणहून रस्ता ओलांडतात असं त्यात आलं, तर वाटांची गरजच काय, असं विचारणारे तयार आहेत. हे मॅडमच म्हणाल्या. त्यांना ते टोचतंही आहे, पण त्या म्हणतात, आकड्यांत जे आहे तेच मी लिहिणार. आकड्यांत तुम्ही आहात हे त्यांना माहीत नाही. ते जगात दोघांनाच माहीत आहे, मला आणि आईला. वाटा झाल्या नाहीत तर ही एकवीस जनावरं त्याच मुठीत राहतील. तुम्ही टाकलेला एक दाणा किती वर्षं पुरेल? तिसरा पावसाळा केव्हाच होऊन गेला.

आणि सांगितलं तर? तर तुमचं नाव येतं. जंगली जनावर चार महिने घरी ठेवलं, परवानगीशिवाय सोडलं, कागदावर मेलं म्हणून दाखवलं. खात्यानं दिलेलं तुमच्या नावाचं प्रशस्तिपत्र आईनं देव्हाऱ्याशेजारी लावलं आहे, ते काढायला कोणी येईल का? आईची पेन्शन थांबेल का? मी हे कोणाला विचारूही शकत नाही, कारण विचारलं की सांगितल्यासारखंच आहे. रात्री झोप लागत नाही असं नाही, लागते, पण सकाळी उठलो की आधी हेच आठवतं, मग मी कोण आहे ते.

रविवारी घरी गेलो होतो. कन्नडपर्यंत एसटी, पुढे जीप. आई आता गॅसवर भाकरी करते, पण बसते अजून जमिनीवरच, शेगडी खाली घेऊन. मी तिला सगळं सांगितलं.

"ते पिल्लू आठवतं का तुला?"

"न आठवायला काय झालं? दोन लुगडी खाल्ली मेल्यानं."

"त्याची नातवंडं आहेत टेकडीवर. चार."

तिचा भाकरी थापणारा हात थांबला. "चार? आन् कान?"

"सरळ."

मग पेन्शनचं, नावाचं, सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "नको सांगू. मेलेल्या मानसाला कशाला उठवतो?" मी बरं म्हटलं. खरं सांगतो, मला हलकं वाटलं. ती भाकरी तव्यावर टाकून, उलटून, फुगेपर्यंत बघत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाय सांगितलं तर त्या वाटा व्हनार नाय का?"

"बहुतेक नाही."

"मग चार महिनं दूध मी कशाला पाजलं?"

तिनं उठून पेटी उघडली आणि रोजनामचा काढून दिला. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला होता. "घेऊन जा. दाखव बाईला." मी गाठ सोडून ते पान उघडलं, तिला वाचून दाखवलं. तिनं कपाळाला आठी घातली. "मेलं म्हनून कसं लिहवलं ह्यांनी? खोटं त्यांच्या जिभंवर यायचंच नाय." मी म्हटलं, भाकरी करपतेय.

बाहेर मॅडमची गाडी वाजली. थांबतो.

शुक्रवार, तेरा तारीख, दुपारचे सव्वाबारा. बुधवारी मॅडम आल्या आणि मी सदतिसाव्या डबीपासून पुढे चिठ्ठ्या लावत बसलो. काल सकाळी पुंडलिकनगरातून निघतानाच वही पिशवीत घातली होती. जेलच्या भिंतीजवळ उतरलो, आणि आत शिरल्याबरोबर, पाणीही न पिता, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं मॅडम ओरडतील. त्यांनी आधी चष्मा काढला.

"चार महिने," त्या म्हणाल्या. "चार महिने तू माझ्यासमोर बसून खारी खाल्लीस."

"खाल्ली नाही मॅडम. खिशात ठेवली होती."

"ते महत्त्वाचं आहे का आत्ता?"

मी नाही म्हटलं. त्यांनी वही मागितली. मी पान उघडून दिलं. त्यांनी बोट ठेवून वाचलं, मागचं पान वाचलं, पुढचं वाचलं. मग वही माझ्याकडे फिरवली. "इथे तर मृत लिहिलंय. पुरले लिहिलंय. खाली वडिलांची सही आहे. उद्या मी असं लिहिलं की हा नर माणसानं आणून सोडला, तर कोणीही म्हणेल, पुरावा दाखवा. आणि पुरावा म्हणतोय पिल्लू मेलं. मी कोणावर विश्वास ठेवू, या वहीवर की तुझ्यावर?"

म्हणजे आता मला ती गोष्ट सांगावीच लागली. तुमच्याआधी ती मॅडमनी ऐकली, याचं वाईट वाटतं. पण मी बुधवारी हिंमत केली असती तर तुमचा नंबर पहिला लागला असता.

त्या संध्याकाळी तुम्ही सुतळी खुंटीला अडकवलीत, चुलीजवळ बसलात आणि मला म्हणालात, "लिही. पिल्लू मोठं झालं. टेकडीवरच्या कळपात सोडलं. नर हाय." तीनच वाक्यं. तुम्ही काही लपवलं नव्हतं. तुमच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच, जे केलं ते लिहायचं. मी पेन उघडला. मला कडी बाहेरून लावलेलं दार दिसत होतं. मी लिहिलं, पिल्लू मृत. पुरले. ह्रस्व-दीर्घ बघून, सावकाश लिहिलं. तुम्ही वही ओढून घेतलीत आणि एकेक अक्षर जोडत सही केलीत.

महिन्याभरानं चाचा रजेवरून आले, पानं चाळता चाळता थांबले आणि मोठ्यानं वाचलं. "अरेरे, मर गया बेचारा? केव्हा?" तुम्ही वहीकडे पाहिलंत. मग माझ्याकडे. मी शेळीकडे बघत होतो. आई पाण्याला गेली होती; चुलीवरचा चहा उतू गेला, एवढं आठवतं. मग तुम्ही म्हणालात, "व्हय साहेब. काय करनार." तुमच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं होतं आणि ते माझं होतं. मला वाटलं, आता मार बसणार. तुम्ही हातही उगारला नाहीत, विषयही काढला नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी वही तशीच पुढे आली, पेन तसाच आला, मी लिहिलं. तुम्ही सही करायला घेतलीत आणि थांबलात. "वाच," म्हणालात. तेवढंच. त्यानंतर पाच वर्षं, तुम्ही काविळीनं अंथरूण धरेपर्यंत, एकही संध्याकाळ अशी गेली नाही की मी मोठ्यानं वाचल्याशिवाय तुम्ही सही केलीत.

मॅडमनी सगळं ऐकलं. कौतुक वगैरे केलं नाही. अहवालातली चार पानं बदलावी लागणार, म्हणून त्या वैतागल्या होत्या. मी पेन्शनचं विचारलं तर म्हणाल्या, वारलेल्या माणसावर आता कोणी काय करणार, पण पेन्शनचं मला नक्की माहीत नाही, खोटा धीर देत नाही, वकिलाला विचारते. वाटा होतील का, हेही त्यांना माहीत नाही. फक्त एवढं की आता अहवालात असं असेल: बाहेरचं रक्त एकाच नराचं आहे, तो माणसानं आणून सोडला, त्याच्यानंतर कोणी रस्ता ओलांडून आल्याची खूण नाही. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. "तुझ्या हातानं लिहून दे. सगळं. तारखेसकट."

आज सकाळी लिहिलं. दोन पानं झाली. जीप, गोणपाट, शेळीचं दूध, सुतळी, सरळ कान, सगळं आलं. तुम्ही सांगितलेली तीन वाक्यं तुमच्याच बोलीत लिहिली, सुधारली नाहीत. रोजनामच्यातली नोंद खोटी आहे, ती मी वडिलांना न सांगता केली, त्यांना वाचता येत नव्हतं, हेही लिहिलं. मॅडम म्हणाल्या, एकदा वाच आणि सही कर. मी मोठ्यानं वाचायला लागलो तशा त्या दचकल्या, म्हणाल्या, अरे मनात वाच, मला काम आहे. पण मला तसं येत नाही. मी मोठ्यानंच वाचलं, पहिल्या शब्दापासून. मॅडमनी हातातलं काम थांबवलं होतं.

हा कागद मी त्याच पानात ठेवणार होतो, पण वही आता मॅडमच्या कपाटात आहे. तेव्हा तो माझ्याजवळच राहील. एवढंच कबूल करायचं राहिलं आहे. वडिलांना वाचता येत नव्हतं, या ओळीपर्यंत मी मोठ्यानं वाचत आलो. ती ओळ मी न वाचता सोडली, पुढचं वाचलं आणि सही केली. मॅडमच्या लक्षात आलं नाही. तुमच्या आलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असता, वाच.